सामुदायिक सायकल कार्यशाळा आणि चांगल्या सायकलीचा प्रचार

(स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

गोव्याच्या खेड्यांत आजही अनेक ठिकाणी सकाळच्या प्रहरी एक भोंगा वाजतो. सायकलीच्या मागे पावाची करंडी बांधून पोदेर वाड्यावाड्यांतून फिरत असतो आणि भोंग्याचा आवाज कानी पडताच घराघरांतून माणसे बाहेर येतात. पोदेराने आपल्या पावाची पत्रके वाटल्याचे कोणी पाहिले नसेल. तरीही त्याची प्रसिद्धी मोठ्या कारखानदाराला हेवा वाटावा अशी असते. याची कारणे तीन आहेत. तो ठरल्या वेळी येतो, त्याची खूण सर्वांच्या ओळखीची असते आणि करंडीतला पाव ताजा असतो. यांतील एक जरी गोष्ट उणी पडली, तरी भोंगा कितीही जोराने वाजविला म्हणून गिऱ्हाईक दारात येणार नाही.

सामुदायिक सायकल कार्यशाळा कशा चालतात, त्यांनी आपली माहिती लोकांपर्यंत कशी पोहोचवावी आणि अधिक चांगल्या प्रतीच्या सायकलींचा प्रचार कसा करावा, हा आजचा विषय आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी पोदेराच्या या तीन गोष्टींत सामावलेले आहे.

कार्यशाळा म्हणजे काय?

सामुदायिक सायकल कार्यशाळा म्हणजे दुरुस्तीचे दुकान नव्हे. दुकानात मालक सायकल ठेवून जातो आणि ती दुरुस्त झाल्यावर पैसे देऊन घेऊन जातो. कार्यशाळेत पान्हे, पंप, स्टँड आणि जाणता कार्यकर्ता उपलब्ध असतो. मात्र हात काळे करावयाचे ते सायकलीच्या मालकाने. पंक्चर काढणे, ब्रेकचे रबर बदलणे, चाकाचा आउट काढणे ही कामे तो शिकत शिकत करतो. लोकांनी टाकून दिलेल्या सायकली तेथे गोळा केल्या जातात, त्यांचे चांगले भाग वेगळे काढले जातात आणि त्यांतून पुन्हा धावणाऱ्या सायकली उभ्या राहतात.

ही कल्पना अनुभवातून आलेली आहे. १९६५ साली ॲम्स्टरडॅम शहरात 'प्रोव्हो' या तरुणांच्या गटाने काही सायकली पांढऱ्या रंगाने रंगवून, कुलूप न लावता, सर्वांसाठी रस्त्यावर ठेवल्या. बिनकुलपाची सायकल रस्त्यावर ठेवणे नियमाविरुद्ध असल्याने पोलिसांनी त्या जप्त केल्या. १९९४ साली अमेरिकेतील पोर्टलंड शहरात पिवळ्या रंगाच्या सायकलींचा तसाच प्रयोग झाला. त्या सायकलींपैकी बहुतेक हळूहळू मोडल्या किंवा नाहीशा झाल्या. सायकल फुकट मिळाली म्हणजे ती टिकते असे नाही. तिची निगा राखणारे हात तयार व्हावे लागतात, हा धडा या प्रयोगांनी दिला. पोर्टलंडमध्ये त्याच वर्षी सुरू झालेले सामुदायिक सायकल केंद्र पुढेही टिकून राहिले, कारण तेथे दुरुस्ती आणि शिक्षण यांना स्थान होते. फ्रान्समधील ग्रनोबल शहरातही १९९४ मध्ये अशी कार्यशाळा निघाली. पुढे त्या देशात कार्यशाळांची संख्या इतकी वाढली की २०१० साली त्यांचे राष्ट्रीय जाळे उभे राहिले. २००२ साली लॉस एंजेलिस येथे एका घराच्या स्वयंपाकघरात काही मंडळींनी सायकली दुरुस्त करण्यास प्रारंभ केला. त्यावरून त्या कार्यशाळेस 'सायकलींचे स्वयंपाकघर' असे नाव पडले आणि पुढे अनेक शहरांतील कार्यशाळांनी तेच नाव घेतले.

या नावांवरून प्रसिद्धीचा पहिला पाठ घेता येईल. ग्रनोबलच्या कार्यशाळेच्या नावाचा अर्थ 'डोक्यातील छोटी सायकल' असा आहे. एखादा माणूस थोडासा वेडा आहे, असे सांगताना फ्रेंच लोक त्याच्या डोक्यात छोटी सायकल असल्याचे म्हणतात. अशी नावे ऐकणाऱ्याला हसू येते आणि ती लक्षात राहतात. 'अमुक तमुक बहुउद्देशीय विकास मंडळ संचालित सायकल विभाग' हे नाव फलकावर मावेल, पण कोणाच्या तोंडी बसणार नाही.

वाईट सायकलीचा प्रश्न

कार्यशाळेने केवळ दुरुस्ती करावी, कोणती सायकल घ्यावी हा प्रश्न तिचा नव्हे, असे काहींना वाटते. प्रत्यक्षात हा प्रश्न रोज तिच्या दारी येऊन उभा राहतो.

बाजारात दोन तऱ्हेच्या सायकली दिसतात. एका तऱ्हेची सायकल दुकानात भडक रंगाने चमकते, तिच्या पुढच्या फोर्कला स्प्रिंगा असतात आणि गिअरही पुष्कळ असतात. मात्र त्या स्प्रिंगांनी धक्के कमी होण्याऐवजी वजन तेवढे वाढते. ब्रेकची मूठ प्लास्टिकची असल्याने दाबताच वाकते. पेडलचे आटे मऊ धातूचे असल्याने एकदा गेले की क्रँकच बदलावा लागतो. चाकाच्या छर्र्यांत ग्रीस पुरेसे नसते आणि कोन इतके घट्ट बसविलेले असतात की थोड्याच महिन्यांत कप खरवडले जातात. मग दुरुस्ती करावयाची तर योग्य मापाचा भाग बाजारात मिळत नाही.

दुसऱ्या तऱ्हेची सायकल दिसावयास साधी असते. पण ती उघडता येते, जुळवता येते आणि तिचे सुटे भाग गावोगावी मिळतात. अठ्ठावीस इंची चाकांची काळी सायकल हे याचे परिचित उदाहरण होय. ती जड आहे आणि तिच्या ब्रेकलाही मर्यादा आहेत. तथापि एकाच घरात वडिलांनी, मग मुलाने ती वापरल्याची उदाहरणे सर्वांच्या पाहण्यात आहेत. पुणे शहर सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते, त्या काळी तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने जागोजागी होती. नवख्यांच्या हाती सायकल रोज आपटत असे आणि तरी दुसऱ्या दिवशी तिला भाड्यावर जावे लागे. अशा धंद्यात उघडून दुरुस्त करता येणारी सायकलच परवडत असे.

चांगली सायकल म्हणजे महाग सायकल, असा अर्थ येथे मुळीच अभिप्रेत नाही. जी सुरक्षितपणे थांबते, जी सामान्य पान्ह्यांनी उघडता येते आणि जिचे भाग पाच वर्षांनीही मिळतील, ती चांगली सायकल. पहिली कसोटी तर जिवाशी निगडित आहे. क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम पावसात भिजली की ब्रेकचे रबर तिला नीट धरत नाही. ॲल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही ब्रेक पुष्कळ बरा लागतो. जेथे चार महिने पाऊस पडतो आणि रस्ते उताराचे आहेत, तेथे शाळेतून घरी येणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नाही.

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असेही नव्हे. अमेरिकेतील माँटाना राज्यात मिझूला या गावी एक सामुदायिक कार्यशाळा आहे. तेथील कारागिरांनी पुढाकार घेऊन स्वस्त सायकली बनविणाऱ्या व विकणाऱ्या कंपन्यांना उद्देशून एक निवेदन काढले. सायकल काही किमान काळ टिकावी आणि ती दुरुस्त करता यावी, अशी त्यांची मागणी होती. २०२२ च्या प्रारंभी तिची वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. ज्या सायकली दुरुस्तच होऊ शकत नाहीत, त्यांच्यावर कार्यकर्त्यांचे तासन्‌तास वाया जातात आणि त्यांचा खरा भुर्दंड गरीब गिऱ्हाइकाला बसतो, हे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. त्यांनी दोष बनविणाऱ्याला दिला, विकत घेणाऱ्याला दिला नाही. प्रचार करणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

मालकाचा मान

अनेक कार्यशाळांचे काम येथेच बिघडते. समजा, एखादा मजूर दोन महिन्यांची शिल्लक घालून मुलासाठी रंगीत सायकल घेतो आणि ती मोडल्यावर कार्यशाळेत आणतो. तेथील जाणता तरुण हसून म्हणतो, "काका, ही सायकल नाही, खेळणं आहे." तरुणाचे म्हणणे तांत्रिक दृष्ट्या बरोबर असेलही. पण तो मजूर पुन्हा त्या दाराशी येणार नाही, शेजाऱ्यालाही येऊ देणार नाही, आणि मोडकी सायकल घराच्या मागे गंजत पडेल. मुलाची शाळेची वाट पुन्हा पायांनी सुरू होईल. एका वाक्याने कार्यशाळेची वर्षाची प्रसिद्धी पुसली जाऊ शकते.

त्याऐवजी हिशेब मांडावा. हिशेबाची रीत दाखविण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एक सायकल ५,००० रुपयांची आहे, ती २ वर्षे टिकते आणि दुरुस्तीस दर वर्षी १,००० रुपये लागतात. तिचा वर्षाचा खर्च ३,५०० रुपये झाला. दुसरी ९,००० रुपयांची आहे, ती ९ वर्षे टिकते आणि दुरुस्तीस दर वर्षी ५०० रुपये लागतात. तिचा वर्षाचा खर्च १,५०० रुपये झाला. प्रत्येक कार्यशाळेने आपल्या गावातील खऱ्या किमती घालून असा तक्ता भिंतीवर लावावा. तो वाचताना कोणालाही आपला अपमान झाला असे वाटणार नाही.

मात्र येथेच प्रामाणिकपणे थांबून विचार केला पाहिजे. ज्याच्या हाती आज ५,००० रुपयेच आहेत, त्याला ९,००० रुपयांच्या सायकलीचे गुण सांगून काय उपयोग? हिशेब त्याला कळतो; अडचण रोख रकमेची असते. नुसता उपदेश करणारी कार्यशाळा हळूहळू सुखवस्तू हौशी मंडळींचा अड्डा बनते. ज्यांच्यासाठी ती काढली, ते बाहेरच राहतात.

यावर कार्यशाळेजवळ स्वतःचाच उपाय आहे. टाकून दिलेल्या पण मजबूत सांगाड्याच्या जुन्या सायकलीचे ओव्हरहॉलिंग करून ती स्वस्त नव्या सायकलीपेक्षा कमी किमतीत देता येते. ज्याच्याजवळ तेवढेही पैसे नाहीत, त्याने श्रम द्यावेत. १९८४ साली स्थापन झालेल्या, बॉस्टन येथील एका संस्थेने ही पद्धत मुलांसाठी राबविली आहे. मूल कार्यशाळेत येते, दुरुस्ती शिकते, ठरलेले काम पुरे करते आणि स्वतः जुळविलेली सायकल घेऊन घरी जाते. अशा सायकलीला दानाचा वास येत नाही. शिवाय ती कशी उघडायची हे त्या मुलाला ठाऊक असते, त्यामुळे ती टिकते. कार्यशाळेची प्रसिद्धी आणि चांगल्या सायकलीचा प्रचार ही दोन कामे अशा प्रकारे एकाच वस्तूतून साधतात. गावात फिरणारी ती जुनी, निकोप सायकल दोहोंची जाहिरात करीत असते.

प्रसिद्धीची साधने

आता प्रत्यक्ष साधनांकडे वळू. पहिले साधन म्हणजे वेळ. आठवड्यातून एकच संध्याकाळ कार्यशाळा उघडी ठेवता आली तरी चालेल, पण ती संध्याकाळ चुकता कामा नये. 'कार्यकर्ते उपलब्ध असतील तेव्हा' असे लिहिलेला फलक लोकांना परत पाठविण्याचेच काम करतो. स्त्रिया व मुलींसाठी सोयीची अशी एक वेळ वेगळी ठेवावी आणि त्या वेळी शिकविण्यास शक्यतो स्त्री कार्यकर्ती असावी.

दुसरे साधन म्हणजे ओळखचिठ्ठी. दुरुस्त झालेल्या प्रत्येक सायकलीच्या हँडलला एक जाड कागदाची चिठ्ठी बांधावी. तीवर तारीख, केलेले काम, बदललेले भाग आणि पुन्हा तपासणी केव्हा करावी हे सुवाच्य अक्षरांत लिहावे. जे काम होऊ शकले नाही तेही लिहावे. 'मागचा ब्रेक अजून कच्चा आहे, उतारावर जपून' अशी ओळ जी कार्यशाळा लिहिते, तिच्या इतर ओळींवर लोक विश्वास ठेवतात.

तिसरे साधन म्हणजे प्रात्यक्षिक. दारात एक लहान मेज मांडून त्यावर दोन चाके ठेवावीत, एक नीट जुळविलेले व एक खरवडलेल्या कपाचे. येणाऱ्याने दोन्ही आपल्या हातांनी फिरवून पाहावीत. घरघर आणि अडखळणे बोटांना लगेच कळते. शेजारी दोन तऱ्हेच्या रिमांवर पाणी शिंपडून ब्रेक दाबून दाखवावा. चांगल्या सायकलीवर तासभर भाषण देऊन जे कळत नाही, ते हाताला क्षणात कळते. नवी सायकल घ्यावयास निघालेल्या माणसाला हाच अनुभव दुकानात उपयोगी पडतो. चाक उचलून फिरवावे, ब्रेकची मूठ दाबून पाहावी, सुट्या भागांचे माप विचारावे, एवढे तीन प्रश्न त्याने शिकून घेतले तरी पुष्कळ झाले.

चौथे साधन म्हणजे प्रसंग. आपल्याकडे खंडेनवमी व दसऱ्याला हत्यारे आणि वाहने यांची पूजा होते. सायकली धुतल्या जातात, त्यांना झेंडूच्या माळा चढतात. पावसाळ्यात भिजलेल्या चेनला आणि छर्र्यांना तेल-ग्रीसची गरज नेमकी याच दिवसांत असते. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तपासणीचे शिबिर घेतले तर त्यासाठी निराळी जाहिरात करावी लागत नाही. जूनमध्ये शाळा उघडताना शाळेच्या आवारात ब्रेक तपासण्याचे शिबिर घ्यावे. ३ जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली जागतिक सायकल दिन म्हणून घोषित केला आहे आणि तो या कामाला सोयीचा आहे.

वृत्तपत्रे, आकाशवाणी आणि आता भ्रमणध्वनीवरील संदेश ही साधनेही आहेतच. वृत्तपत्राला पाठवावयाचा मजकूर मात्र नीट लिहावा. व्यासपीठावरील पाहुण्यांची नावे व हारतुरे यांनी भरलेली बातमी संपादक कापतो आणि वाचक ओलांडतो. शिबिरात किती सायकली आल्या, किती जणांचे ब्रेक निकामी निघाले, त्यांतील किती जागच्या जागी दुरुस्त झाले, ही बातमी आहे. ती देता यावी म्हणून नोंदवही रोज लिहिली पाहिजे. आकडे फुगवू नयेत. लहान गावात खोटा आकडा संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

रस्त्यावरचा मिस्त्री

एक गोष्ट परदेशी कार्यशाळांच्या अहवालांतून सहज ध्यानी येत नाही. आपल्या गावांत वडाखाली किंवा चौकात पाण्याचे घमेले व पंप घेऊन बसणारा सायकल मिस्त्री असतो. कार्यशाळेने फुकट पंक्चर काढण्याचा धडाका लावला, तर पहिला घाव त्याच्या पोटावर बसेल. लोकांच्या भल्यासाठी काढलेल्या कामाने एका गरीब कारागिराचा धंदा बुडावा, ही गोष्ट कोणत्याही प्रसिद्धीने झाकली जाणार नाही.

मिस्त्रीला शिक्षक म्हणून मानधन देऊन बोलवावे, अवघड कामे त्याच्याकडे पाठवावीत, गावातील सर्व मिस्त्रींची नावे फलकावर लिहावीत. कोणती सायकल वारंवार मोडते हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. २००५ साली त्सुनामीनंतर श्रीलंकेत काम सुरू केलेल्या 'वर्ल्ड बायसिकल रिलीफ' या संस्थेने पुढे आफ्रिकेसाठी 'बफेलो' नावाची मजबूत सायकल तयार केली. तिच्या कॅरिअरवर १०० किलो ओझे नेता येते. पण संस्थेने नुसती सायकल पाठविली नाही; गावोगावचे मिस्त्रीही शिकवून तयार केले. मिस्त्री आणि सुटे भाग जवळ नसतील तर उत्तम सायकलही काही काळाने अडगळ होते.

प्रतिष्ठेचा प्रश्न

शेवटी एक मुद्दा उरतो. पुष्कळ घरांत सायकल ही ऐपत नसल्याची खूण मानली जाते आणि म्हणूनच तिच्यावर पैसे घालणे वायफळ वाटते. ही समजूत बदलता येते. तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी साक्षरता चळवळीने स्त्रियांना सायकल शिकविण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी शिबिरे झाली, गाणी रचली गेली, मेळावे भरले. शेतमजूर व दगडखाणीत काम करणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने सायकल शिकल्या. कोणावर अवलंबून न राहता बाजारात जाणे, पाणी आणणे, कामावर वेळेवर पोहोचणे त्यांना शक्य झाले. प्रथम टवाळीही झाली. पण बायका थांबल्या नाहीत. जी वस्तू माणसाला स्वतःच्या वेळेचा धनी करते, तिला प्रतिष्ठा आपोआप येते. मग ती वस्तू चांगली असावी, असा आग्रहही घरातूनच धरला जातो.

ज्या संस्थांना हे काम सुरू करावयाचे असेल, त्यांनी मोठ्या निधीची वाट पाहू नये. एक नोंदवही, चार पान्हे, एक चांगला पंप, एक फलक आणि आठवड्यातील एक ठरलेली संध्याकाळ एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. पहिल्या महिन्यात दहा सायकली नीट दुरुस्त झाल्या आणि त्या दहांचे ब्रेक पावसातही लागले, तर दुसऱ्या महिन्यात कोणालाही बोलावणे पाठवावे लागणार नाही. फलक तेवढा स्वच्छ ठेवावा आणि दिलेली वेळ पाळावी.